नुसतं ‘धोबी’ लिहून भागणार नाही

मार्चमध्ये भीमेकाठी येणारे पक्षीनिरीक्षक रोहित पाहून माघारी फिरतात. माझा आग्रह आहे की त्यांनी श्रीगोंदा-कर्जतच्या लसूणघासाकडेही दुर्बीण वळवावी. वाफ्यात पाणी फिरलं की किडे वर येतात आणि त्यांच्यामागे पिवळे धोबी धावतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेले हे पक्षी थंडीभर मळकट, जवळपास एकसारखे दिसतात. परतीच्या आधी नरांची पिसं बदलतात, आणि मग कोण कुठला ते डोक्यावरून ओळखता येतं.

फिकट निळसर-राखी डोकं आणि त्यावर लांब पांढरी भुवई असेल, तर तो ‘बीमा’ उपजातीचा. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत त्याचं वर्णन केलं आणि त्याला आपल्या भीमेचं नाव दिलं. त्याची वीण मात्र नैऋत्य सायबेरिया आणि कझाकस्तानच्या बाजूला होते. डोकं गडद राखी आणि भुवई नाही, तो ‘थुनबर्गी’. स्कँडिनेव्हियापासून सायबेरियापर्यंतच्या उत्तरेकडचा. काळ्याभोर डोक्याचे मध्य आशियाकडचे. एका वाफ्यात इतके मुलूख एकत्र चरत असतात!

पांढऱ्या धोब्याचंही तसंच. साइक्स यांनीच नोंदवलेल्या ‘दुखुनेन्सिस’ची पाठ फिकट राखी असते आणि पंखावर पांढरा रंग जास्त असतो. काही अभ्यासक ही उपजात वेगळी मानत नाहीत. ‘पर्सोनाटा’चा नर मात्र चुकणं कठीण: सगळं डोकं आणि गळा काळा, त्यात फक्त चेहरा पांढरा.

आपल्या याद्यांत हे सगळे एका नावाखाली, एका आकड्यात जातात. प्रत्येकाचा विणीचा मुलूख वेगळा, परतीची वेळ वेगळी. उद्या यांपैकी एखाद्याची संख्या तिकडे घटली, तर आपल्या बेरजेत ती दिसणारसुद्धा नाही. ही हानी मला गंभीर वाटते.

अर्थात ओढूनताणून नाव देऊ नये. माद्या, पहिल्या वर्षाची पिल्लं, दोन उपजातींच्या मधले दिसणारे नर यांच्यापुढे फक्त जात लिहावी. चुकीची उपजात कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट. नराचा मात्र बाजूनं, भुवई आणि गाल दिसेल असा फोटो घ्यावा. तारीख, गाव आणि पीक लिहावं. एप्रिल सरता सरता यांतले बहुतेक निघून जातात. म्हणून येत्या रविवारी रोहितांसाठी निघालात, तर तासभर घासाच्या बांधावरही थांबा.