गेम बनविणारे छोटे कारागीर आणि त्यांचे गिऱ्हाईक

भिवंडीच्या बाजारात ताग्यात खोट निघाली तर व्यापारी काय करतो? तागा उलगडतो, धागा जेथे तुटला तेथे बोट ठेवतो आणि मागवाल्याला बोलावून दाखवितो. भाव पाडतो, प्रसंगी सबंध माल परत करतो. बोलणे कडू असते. पण घरी जाताना मागवाल्याला आपल्या कोणत्या मागात बिघाड आहे ते कळलेले असते.

हाच व्यवहार आम्ही एका नव्या धंद्याला लावून पाहत आहोत. संगणकावरील गेम बनविण्याच्या धंद्यात बड्या कंपन्या आहेत, तसे एकटेदुकटे कारागीरही आहेत. अमेरिकेच्या एरिक बॅरोन यांनी 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवरचा गेम, चित्रे आणि संगीतासह, चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून २०१६ साली बाजारात आणला. यश सर्वांनाच असे मिळत नाही.

या कारागिरांचा बराच माल 'स्टीम' या इंटरनेटवरील दुकानातून विकला जातो. विक्रीतील ३० टक्के रक्कम साधारणतः दुकान कापून घेते. गिऱ्हाईक शिफारस करतो किंवा करीत नाही, त्यावरून गेमखाली पाटी लागते. दहा अभिप्राय येईपर्यंत पाटीच नसते. दहापैकी सात चांगले असतील तर 'बहुतांशी चांगला', सहाच असतील तर 'संमिश्र'. म्हणजे एका माणसाने रागाच्या भरात लिहिलेली एक ओळ पाटी बदलते, आणि नवे गिऱ्हाईक ती पाटी पाहूनच पुढे जाते. (फुकट वाटलेल्या प्रतींवरचे अभिप्राय दुकान या हिशेबात धरत नाही, हे मात्र योग्यच आहे. नाहीतर पाहुण्यारावळ्यांनीच पाट्या रंगविल्या असत्या.)

आता "बकवास, पैसे वाया" असे लिहिणाऱ्याने बोट कोठे ठेवले? कारागिराच्या हाती काहीच लागले नाही. उलट, "तिसऱ्या टप्प्यात पूल ओलांडताना गेम बंद पडतो, माझा संगणक अमुक जातीचा आहे, दोनदा करून पाहिले" असे कोणी लिहिले तर ती तक्रार असूनही मदत आहे. किती तास खेळलो हे दुकान आपण होऊन छापतेच. बाकीचे लिहिणाऱ्याने सांगावे. आणि कोडी आवडत नसतील त्याने कोड्यांचा गेम घेऊन कोडी आहेत म्हणून रडू नये.

लहान आहे म्हणून सांभाळून घ्या, असे मात्र आम्ही म्हणत नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी' हा गेम आणला, तेव्हा त्यातील चित्रकामाची वाहवा झाली. पण गेम लहान आहे, लढाईत कसर आहे, शेवट अर्धवट तुटतो, असेही समीक्षकांनी स्पष्ट लिहिले. आपल्याकडचा माल म्हणून कोणी गप्प बसले नाही, हे आम्हाला आवडले. २०२२ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. तीत लढाई व दृश्ये सुधारली, हिंदी आवाज दिले. जुन्या गिऱ्हाइकांना ती फुकट मिळाली.

इंग्लंडच्या 'हॅलो गेम्स'चे प्रकरण अधिक बोलके आहे. 'नो मॅन्स स्काय' हा त्यांचा गेम ऑगस्ट २०१६ मध्ये आला. सांगितलेल्या कित्येक गोष्टी त्यात नव्हत्या. गिऱ्हाईक चिडले, ते रास्तच होते. पण त्याआधी मे महिन्यात, नुसता माल उशिरा येणार म्हटल्यावर, प्रमुख शॉन मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. त्या धमक्यांतून गेममधला एकही दोष दुरुस्त होण्यासारखा नव्हता. पुढे वर्षानुवर्षे त्या मंडळींनी फुकट सुधारणा दिल्या आणि २०२४ मध्ये स्टीमवरची पाटी 'अतिशय चांगला' येथवर चढली. त्यात जुने अभिप्राय बदलणाऱ्यांचाही हात आहे. लिहिलेले मत बदलण्याची सोय तेथे आहे. दोष दुरुस्त झाल्यावर ती वापरणारे थोडेच, अशी आमची समजूत आहे.

परताव्याचेही बोलले पाहिजे. खरेदीपासून चौदा दिवसांत, आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर, स्टीम पैसे परत देते. नियम चांगला आहे. फसलेल्या गिऱ्हाइकाला तो हवाच. पण 'एमिका गेम्स' या छोट्या निर्मात्याचा 'समर ऑफ ५८' हा भुताटकीचा गेम दोन तासांच्या आतच संपत असे. चांगला अभिप्राय देणाऱ्यांनीही पैसे परत घेतले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्या निर्मात्याने आपण गेम बनविणे अनिश्चित काळासाठी सोडत असल्याचे जाहीर केले. सदरा शिवावा, लग्नात मिरवावा, आणि "कापड फार छान होते" असे सांगून दुकानात परत आणून द्यावा, त्यातलाच हा प्रकार. भिवंडीत असे कोणी केले तर दुसऱ्या दिवशी त्याला उधारीवर वारभर मांजरपाटही मिळणार नाही.