सामाजी हसाजी दिवेकर



पीथमपुरच्या कारखान्यांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यात नावाचे तीन रकाने असतात. इथल्या हिंदी भाषक मंडळींचा मधला रकाना बहुधा रिकामा राहतो, नाहीतर तिथे 'कुमार' किंवा 'सिंह' येतं. मध्ये वडिलांचं नाव आणि शेवटी 'कर' दिसलं, की समजावं, आपल्याकडचा माणूस.

आता हे नाव वाचा : सामाजी हसाजी दिवेकर. पेशवाईतले कुणी कारभारी वाटतात ना? हे गृहस्थ ज्यू होते, कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचे. सामाजी म्हणजे बायबलमधला शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल, आणि दिवे हे गाव. इंग्रजी कागदांत तेच सॅम्युअल एझेकिएल दिवेकर. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यावर त्यांनी नवस फेडला, असं समाजात सांगतात. १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवीला या समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर उभारलं. तिथला सॅम्युअल स्ट्रीट हा रस्ता त्यांच्याच नावाचा.

या समाजात अब्राहामचा आबाजी झाला, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. गंमत म्हणजे त्यांना नावाचा साचा फारसा बदलावाच लागला नाही. हिब्रूतही माणसाची ओळख 'अमक्याचा मुलगा तमका' अशीच देतात. आपण फक्त गाव जोडून दिलं.

या नावांचे अर्थ शोधायला गेलो आणि त्यात रमलो. शेवटी 'एल' आलं की बहुधा तिथे देव आहे असं समजायचं. यहेज्केल म्हणजे 'देव बळ देतो', दानिएल म्हणजे 'देव माझा न्यायाधीश'. पण शास्त्रातल्या कथा कोशातल्या अर्थावर थांबत नाहीत. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून सारा हसली, म्हणून मुलगा इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. हन्नाला मूल होत नव्हतं. तिने मंदिरात रडून मागणं मागितलं, आणि मुलगा झाल्यावर 'देवाकडे मागितला' म्हणून त्याचं नाव शमुवेल ठेवलं. अभ्यासक या शब्दाची फोड 'देवाचं नाव' अशीही करतात. पण आईचा अर्थ आईचाच.

मला सर्वांत जास्त लागली ती राहेलची गोष्ट. बाळंतपणात जीव जाताना तिने मुलाला नाव दिलं बेन-ओनी, 'माझ्या दुःखाचा मुलगा'. बापाने, याकोबाने, ते बदलून बन्यामीन केलं, 'उजव्या हाताचा मुलगा'. आईचं दुःख जन्मभर त्या लेकराच्या अंगावर नको, एवढंच त्याच्या मनात असावं.

हे आपल्याला परकं नाही. मुलं जगत नसली की आपल्याकडे धोंडू, दगडू अशी नावं ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. त्यात माया होती. 'नकुशी' या नावात मात्र ती नव्हती. २०११ साली सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन अडीचशेहून अधिक नकुशींना नवी नावं दिली. तिथेही जुनं दुःख मुलींच्या अंगावरून उतरवायचं होतं.

हा विषय सध्या डोक्यात घोळण्याचं कारण सांगतो. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास पाळणा हलणार आहे. बायकोने मोबाइलवर नावांची यादी केली आहे : दोन अक्षरी, परदेशात उच्चारायला सोपी, अर्थ 'प्रकाश' किंवा 'विजय'. आईला वाटतं, माझ्या आजीचं नाव ठेवावं. आजी सातारकडून लग्न होऊन माळव्यात आली, हिंदी कधी धड शिकली नाही आणि तरी सगळ्या गल्लीची 'काकी' झाली. बायको म्हणते, "नाव जुनाट आहे, शाळेत चिडवतील." दोघींचंही खरं आहे.

अजून काही ठरलेलं नाही. पण एक गोष्ट मी दोघींकडून कबूल करून घेतली आहे. नाव कोणतंही ठेवू, ते कुणी सुचवलं, का सुचवलं आणि घरात त्यावरून काय काय बोलणी झाली, हे सगळं एका वहीत तारीख घालून लिहायचं. शब्दाचा अर्थ पोरगं पुढे मोबाइलवर शोधून काढेल. आमच्या मनात काय होतं, ते त्याला तिथे सापडणार नाही.

तुमच्या मुलांना त्यांच्या नावामागची गोष्ट ठाऊक आहे का? नसेल, तर आज जेवताना सांगा. आणि आडनावात 'कर' असेल, तर ते गाव नकाशावर दाखवा.