एकच द्रव्य, दोन रूपे

कज्जली काळी, रससिंदूर तांबडा. घटक मात्र दोन्हींत पारद व गंधकच. काळ्या रूपाची स्फटिकरचना घनाकृती, तर तांबड्याची षट्कोनी. वालुकायंत्रातील मृदु, मध्यम व तीव्र अग्नीचा क्रम म्हणजे वस्तुतः स्फटिकरूपावरील नियंत्रणच होय.

आधुनिक औषधशास्त्राला हाच धडा महाग पडला. १९९८ मध्ये रिटोनाविर या एड्सवरील औषधाच्या कॅप्सूलमध्ये कमी विरघळणारे नवे स्फटिकरूप अनपेक्षितपणे आढळले व त्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. आज अखंड उत्पादनपद्धतीत तापमान, द्रावणाची संपृक्तता व बीजस्फटिक यांवर सतत लक्ष ठेवले जाते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या शोधावर आधारलेले उपकरण वाहत्या द्रावणातच स्फटिकरूप ओळखते. या पद्धतीसाठी क्यू १३ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०२२ मध्ये स्वीकारली गेली.

आपले काम कूपीगणिक चालते. म्हणूनच प्रत्येक कूपी वेगळी निघू शकते. तरीही कूपी फोडल्यावर वर्ण पाहून बहुधा समाधान मानले जाते. वर्णपरीक्षा आवश्यक खरी, पण पुरेशी नव्हे. तांबड्या चूर्णातही काळ्या रूपाचा अंश दडलेला असू शकतो.

औषधनिर्मात्यांनी प्रत्येक पाकाची तापमाननोंद ठेवावी व क्ष-किरण विवर्तन परीक्षा करून घ्यावी. लहान फार्मसींना खर्च झेपत नसेल, तर संघटनेने सामायिक व्यवस्था करावी. वैद्यबंधूंनीही खरेदीपूर्वी हा अहवाल मागावा. स्फटिकरूप योग्य ठरले म्हणून औषध निर्धोक ठरत नाही. परंतु रूपच अज्ञात असेल, तर मात्रेचा निर्णय आपण कशाच्या आधारे करणार?