भोंगा एकच होता

जुने गाणे 'स्टिरिओ' करून विकणे हा कायद्याने गुन्हा नाही, एवढेच त्याच्या बाजूने बोलता येईल. बालगंधर्वांची पदे हल्ली 'सुधारित' होऊन कानी पडतात. गळा मधोमध, ऑर्गन डावीकडे, तबला उजवीकडे आणि वर विहिरीत बसून गायल्यासारखा घुमारा.

मी स्टिरिओचा वैरी नाही. चिक्कडपल्लीत राहतो. इथे 'संध्या ७० एमएम'च्या नावात तो आकडा अजून मिरवतो, यंत्र केव्हाच डिजिटल झाले तरी. त्या रुंद फितीवर ध्वनीच्या सहा वाटा असत. 'शोले' (१९७५) तसा ऐकलेल्याला नाणे कुठे पडले ते डोळे मिटून कळे. डावीकडचा आवाज डाव्या कानाला क्षणभर आधी पोचतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी फरक, पण मेंदूला पुरतो. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली यावरच पेटंट मागितले : एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज. मात्र ते मुद्रणाच्या वेळीच वेगळे टिपायला हवेत. तशा तबकड्या बाजारात आल्या १९५८च्या सुमारास.

बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्यांना तर मायक्रोफोनही नव्हता. १९२५पर्यंत सारा कारभार भोंग्यासमोर. गायक तोंडाशी, साथीदार मागे. कोणी किती मागे बसायचे, हाच तोल. त्या तबकडीत डावे-उजवे नाही, पण पुढे-मागे आहे, आणि ते कोणीतरी विचार करून ठरवलेले आहे. आमच्या त्यागराय गानसभेत मधल्या रांगेत बसून पाहा. मृदंग तुमच्या उजव्या कानात कोणी वाजवत नाही.

पूर्वी उंच स्वर एकीकडे, खर्ज दुसरीकडे ढकलून हे सोंग उभे करीत. आता संगणक गळा नि साथ सोडवून देतो म्हणे. पण ऑर्गन गळ्याला लगटून चालतो. यंत्राला सीमा सापडत नाही. मग मींड अर्धी इकडे, अर्धी तिकडे. (सीमाभागातल्या वाचकाला हा प्रकार नवा नसावा!)

"निदान मुले ऐकतील तरी," असे सांगतात. तीच तर भीती. तेलुगू-कन्नड शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलांना बालगंधर्व भेटणार ते एवढेच. खरे कोणते हे सांगणारे आजोबा घरात उरलेले नाहीत. शेजारच्या तेलुगू कुटुंबाच्या घंटसालांचीही हीच गत चालली आहे.

मोनोचे बटण दाबूनही सुटका नाही. मागेपुढे सरकवलेले आवाज एकत्र केले की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. तेव्हा माळ्यावर ७८च्या तबकड्या असतील तर भंगारात देण्याआधी जशाच्या तशा उतरवून घ्या, खरखरीसकट. सुई मात्र ७८चीच लावा. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी नुसती खडखडत राहते.