माफ झालेल्या कर्जाचा हिशेब रिटर्नमध्ये दाखवा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय, विशेषतः ज्यांनी गेल्या वर्षी क्रेडिट कार्डाचं थकलेलं देणं तडजोडीने मिटवलं त्यांच्यासाठी. जानेवारी संपता संपता बँकेकडून एक पातळ लिफाफा येतो. त्या बँकेचं नावही नको झालेलं असतं, त्यामुळे तो न फोडताच कचऱ्यात जातो. तो टाकू नका. त्यात माफ झालेल्या कर्जाची नोंद असलेला फॉर्म १०९९-सी असतो.

समजा, १२,००० डॉलर देणं होतं आणि ५,००० वर मिटलं. उरलेले ७,००० डॉलर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, तुमचं उत्पन्न धरतं. 'हातात दमडी आली नाही, मग कर कसला?' असा संताप होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण पैसे आले होते, कार्ड घासलं तेव्हा. उसने होते म्हणून त्यावर कर लागला नाही. आता ते फेडायचे नाहीत, म्हणून ते उत्पन्न. १९३१ सालच्या कर्बी लंबर कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कर्जातली सूट म्हणजे उत्पन्न, हे मान्य केलं. तेव्हा त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

माफी ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर बँक हा फॉर्म तुम्हाला पाठवते आणि आयआरएसलाही. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तरी आकडा तिथे पोचलेला असतो. फॉर्म आला नाही म्हणून उत्पन्न नाहीसं होत नाही, हेही ध्यानात ठेवा. रक्कम दाखवायची ती शेड्यूल १ वर, ८सी या ओळीत. फॉर्मवरचा आकडा चुकीचा वाटला तर आधी बँकेकडून दुरुस्त करून घ्या.

पण घाबरून सगळ्याच रकमेवर कर भरून मोकळे होऊ नका. इथेच आपली माणसं हकनाक पैसे घालवतात. माफी मिळण्याच्या अगदी आधी तुमचं एकूण देणं एकूण मालमत्तेपेक्षा जास्त होतं का, ते पाहा. वरच्याच उदाहरणात, कार्डाचे १२,००० धरून सगळं देणं २२,००० आणि मालमत्ता १८,००० असेल, तर तूट ४,००० ची. तेवढी रक्कम करातून सुटते आणि ३,००० वरच कर लागतो. त्यासाठी रिटर्नला फॉर्म ९८२ जोडावा लागतो. न जोडता रक्कम नुसती गाळली तर नोटीस येईल. न्यायालयामार्फत झालेल्या दिवाळखोरीत कर्ज माफ झालं असेल तर ते सगळंच वगळता येतं, पण फॉर्म तोच.

मालमत्ता मोजताना प्रामाणिक राहा. बँकेतली शिल्लक, गाडी, सोनं, ४०१-के मधले निवृत्तीचे पैसेही त्यात येतात. आणि हो, पुण्यातला तुमच्या नावचा फ्लॅटसुद्धा! 'तो तिकडचा' म्हणून सोडता येत नाही. तो धरल्यावर बहुतेकांची तूट उरतच नाही, मग निमूटपणे कर भरावा.

तेव्हा आजच माफी मिळाली त्या सुमाराची बँकेची स्टेटमेंटं, बाकी कर्जांचे कागद आणि तडजोडीचं पत्र शोधून एका फाइलीत लावा आणि १५ एप्रिलच्या बऱ्याच आधी रिटर्न भरणाऱ्याच्या हाती द्या.