'खूप' म्हणजे किती?

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : 'कोपऱ्यावरच्या चिंचेखाली रॉकेटं लावा, वटवाघळं पळून जातील.' खाली धडाधड अंगठे. मी पनवेलमध्येच वाढलो, त्या चिंचेखालून शाळेत गेलो. न राहवून विचारलं, 'आहेत किती ती?' एका काकांचं उत्तर आलं, 'खूप आहेत.'

माझं भांडण या 'खूप'शी आहे.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकली. ती यादी २०२२च्या दुरुस्तीने काढली, अंमल १ एप्रिल २०२३पासून. म्हणजे पन्नास वर्षं ज्यांना मारायला मोकळीक, त्यांना मोजणार कोण? मग पुण्याच्या एनआयव्हीला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्या. मार्च २०२०मध्ये घेतलेले नमुने, २०२१मध्ये आलेली बातमी, आठवडाभर घबराट. विषाणू शोधायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण झाडावरून हुसकलेलं वटवाघूळ आपला विषाणू मागे ठेवून जात नाही. ते दुसऱ्या झाडावर जातं, एवढंच.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. ॲपचे डाऊनलोड किती यावर फक्त नवशिके खूश होतात. जुने युजर टिकले का, हा खरा प्रश्न. चिंचेवर गेल्या वर्षी दोनशे होती, यंदाही दोनशे. तीच दोनशे? की शंभर मेली आणि पळस्प्याकडे महामार्गाच्या रुंदीकरणात झाड गेलं म्हणून शंभर इकडे आली? बेरीज तीच, गोष्ट उलटी. आपल्याकडच्या या मोठ्या वटवाघळाची मादी साधारणपणे वर्षाला एकच पिल्लू देते. मेलेल्या शंभरांची भरपाई करायला वर्षं लागतात. सैबेरियात सात ग्रॅमचं एक वटवाघूळ खूण केल्यावर तब्बल ४१ वर्षांनी जिवंत सापडलं. कुणीतरी ४१ वर्षं वही ठेवली म्हणून ते कळलं! खुणा करणं अभ्यासकांचं काम, परवानगीने. आपण हात लावायचा नाही. पण डोकी मोजायला काय हरकत आहे?

राज्याच्या १९७५च्या वृक्ष कायद्यानुसार शहरांत दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. २०२१पासून पन्नास वर्षांपुढचं झाड 'हेरिटेज' ठरतं. जात, घेर, उंची, वय, सगळं लिहा. वर कोण राहतं, तेही लिहा. एक कॉलम वाढवा आणि दरवर्षी ठरावीक आठवड्यात भरा. टेबलात कॉलम वाढवण्याचा पगार मी घेतो. याला अर्धा दिवसही लागत नाही. 'भरणार कोण' हा प्रश्न मात्र खरा आहे. कॉलेजची पोरं भरतील, पण कुणीतरी आकडे मागायला हवेत.

तोवर आम्ही दोघं मोजतो. संध्याकाळी ती उडायला लागली की उजळ आकाशाकडे पाहायचं आणि दहा झाली की एक रेघ ओढायची. पहिल्या वेळी माझी २३१ भरली, मित्राची २६४. भांडलो, मग दोन्ही आकडे लिहिले.

परवा चिंचेच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात नंबर पडलाय. गणनेचा की तोडीचा, वॉर्ड ऑफिसात दोनदा विचारलं. अजून कळलेलं नाही. शनिवारी पुन्हा मोजणार आहोत. येणार असाल तर सूर्यास्ताआधी या, आणि डोक्यावर टोपी घाला.