माप ज्याचे त्याचे

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात सुटा भाग केसभर चुकला तरी नाकारला जातो. अशा गावांत शिकवणाऱ्या आम्हांला एका गोष्टीचे नवल वाटते. औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यावर जो चुंबकीय उपचार करतात, त्यात मेंदूवरील जागा पुष्कळ वर्षे चक्क टेपने मोजून ठरवली जाई! चुंबकाचा ठोका दिल्यावर उजव्या हाताचा अंगठा जेथून हलतो ते ठिकाण शोधायचे आणि तेथून ५ सेंटिमीटर पुढे सरकायचे. डोके लहान असो वा मोठे, अंतर तेच. (हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ साली भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला, त्यात आपला मेंदू पाश्चात्त्य साच्यापेक्षा सरासरीने लहान आढळला.)

तत्त्व तसे जुनेच. रस्त्याकडेचा ट्रान्सफॉर्मर ज्यावर चालतो तेच. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ साली ते मेंदूवर चालवून दाखवले, आणि २००८ साली अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला मान्यता मिळाली.

आता प्रत्येकाच्या मेंदूतील जाळे एमआरआयने पाहून जागा ठरवता येते. नैराश्याशी निगडित असा एक भाग मेंदूत खोलवर असतो. त्याच्या उलट चालणारी, एक चेतली की दुसरी निवते अशी, पुढच्या भागातली जागा निवडायची. स्टॅनफर्डच्या पद्धतीत अशा जागेवर दिवसाला १० वेळा, असे फक्त ५ दिवस उपचार होतात. तिला २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तिची गाजलेली चाचणी मात्र अवघ्या २९ रुग्णांची होती. उलट २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, २५५ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत जाळे पाहून निवडलेली जागा आणि साध्या एमआरआयवरून निवडलेली जागा यांत लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा ‘तुमच्या मेंदूनुसार उपचार’ अशी जाहिरात दिसली, तर वाचकांनी जरा थांबावे.

आमचा आक्षेप संशोधनाला नाही. माप मेंदूपाशीच थांबते, याला आहे. नेहमीचा उपचार आठवड्याला ५ दिवस, असा चार ते सहा आठवडे चालतो. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते आणि खाडा झाला की रोज बुडतो, त्या कंत्राटी कामगाराने तो कसा पुरा करावा? पाच दिवसांत आटोपणारा उपचार खरे तर त्याच्याच सोयीचा. पण त्याला लागणारी तपासणी आणि तिचा खर्च त्याच्या आवाक्यात कुठला? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितले आहे. कंत्राटी माणसाच्या विम्यात या उपचाराचा खर्च बसतो का, हे आधी ठरावे; आणि रात्रपाळी सुटल्यावर सकाळी आठला उघडे असणारे एखादे उपचार केंद्र या पट्ट्यात असावे.